पोटातली माती, कपाळावरची माती

"आकडा वाढला तर मी बैल!" कमळाकर बांधावरून ओरडला.

तुळशीरामने मान वळवली. "कसला बैल?"

"दोन पायांचा. मानेवर जू ठेव, मागनं तू नांगर धर, आनि याच शेतात सगळ्या आळीसमोर मला फिरव. नाय वाढला तर बैल तू."

"लागली?"

"लागली!"

शेजारी-शेजारी राहणारी ही दोन माणसं पन्नाशी ओलांडून गेली होती, पण त्यांनी टाळी दिली ती शाळेतल्या पोरांसारखी. आजूबाजूचे खदाखदा हसले. बिननांगरणीची शेती सुरू झाल्यापासून बारा वर्षांत या आळीत कोणी नांगराला हात लावला नव्हता. त्यामुळे नांगर ओढणारा माणूस बघायला मिळणार, याचंच लोकांना जास्त अप्रूप.

कोन गावाच्या शिवेला लागून ही खालची आळी. पलीकडे एक्सप्रेसवेची घरघर, अलीकडे हौसावैनीचं नऊ गुंठ्यांचं शेत, आणि त्या शेताच्या बांधांवर आज दोन-अडीचशे माणसं. भात कापून झालेलं, खोडं तशीच उभी. रस्त्याकडेला गाड्यांची रांग. वडापाववाला, उसाच्या रसवाला, फुगेवालासुद्धा पोचलेला. मधोमध मोठ्या छत्रीखाली मातीच्या रंगाची कफनी घालून मृत्तिकानंद महाराज. लोकांच्या तोंडी मातीबाबा. रुसलेल्या जमिनीला हा माणूस नऊ दिवसांत हसवतो, अशी ख्याती. आणि पुरावा? लॅबचा कागद, त्यावरचा वाढलेला आकडा!

"आई आजारी पडली तर डॉक्टर आधी काय करतो?" मातीबाबाने माइकवर विचारलं.

"पैसे घेतो!" कमळाकर.

"पोट दाबतो!" बाबाने न ऐकल्यासारखं केलं. "रोग कुठे असतो? पोटात! तर आधी आपण भूमातेच्या पोटातली माती घेणार."

चेल्याने हातभर खड्डा खणला. बाबाने हातातला दंड खुपसून तळातली मूठभर माती काढली, पुडीत भरली. पुडीवर लाख लावून हौसावैनीचा अंगठा घेतला, साक्षीला तुळशीरामचा घेतला.

"पाठवा पनवेलला, लॅबमध्ये! इतर महाराज सायन्सला घाबरतात. मी नाही घाबरत. सायन्स माझी धाकटी बहीण आहे! यात स्फुरद किती ते ती सांगेल. स्फुरद म्हणजे फॉस्फरस, मातीतला अग्नी. आज इथे हेक्टरी दहा किलोसुद्धा निघणार नाही. आता नऊ दिवस अंगारा. दहाव्या दिवशी आईच्या कपाळावरची माती घेऊ. तेज कुठे दिसतं? कपाळावर! सुनेचं तेज बघायला कोणी तिचं पोट बघतं का?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. टाळ्या पडल्या.

कमळाकरच्या बाजूला कमरुद्दीन उभा होता. पनवेलच्या बाजारात त्याचं बी-बियाणांचं दुकान आणि आळीच्या टोकाला भाजीचा मळा. दोघं एका बाकावरचे.

"कमळ्या," तो कानाशी पुटपुटला, "हा साधू हेक्टर कसा काय बोलतो रे? आमच्या दुकानात खताच्या कंपनीचे एजंट येतात ना, ते असे बोलतात. अल्ला कसम, याच्या हातात बॅग दे, टाय लाव, झाला एजंट."

एरवी कमळाकर यावर तासभर खिदळला असता. आळीतला नंबर एकचा खोडकर माणूस तो. डांबराच्या डब्याला चार बुचं चिकटवून याने एकदा ओढ्याच्या चिखलात बिबट्याचे ठसे उठवले होते, आणि तीन दिवस सगळी आळी सूर्य मावळायच्या आत दारं लावून बसली होती. पण आज त्याला हसू येत नव्हतं. शेत त्याच्या वैनीचं होतं. आई लवकर गेली, तेव्हा या हौसावैनीनेच त्याला भरवून मोठं केलेलं. तिच्याकडे उरलेली ही शेवटची जमीन, आणि ती रस्त्याला लागून.

मातीबाबाला रस्त्याला लागून असलेल्याच जमिनी रुसलेल्या दिसत होत्या.

*

दहाव्या दिवशी बाबाने शेताच्या वरच्या थरावर बोट फिरवलं, कपाळावरचं कुंकू निपटावं तशी दोन बोटं माती खरवडली, पुडीत भरली. पुन्हा लाख, पुन्हा अंगठे. तीन दिवसांनी कागद आला.

आधी सहा. नंतर अडतीस.

ताशे वाजले. तुळशीरामने कागदाला हार घातला आणि कमळाकरच्या दारात नाचत आला. "ए बैला! हंबर की रं!"

"हंबरतो. बोली केलीय तर फेडीन. गुरुवारी सकाळी, वैनीच्या शेतात."

"पळणार तर नाय?"

"बैल कधी पळतो का रं, मालक?"

तोंडाने मस्करी चालली होती, पण डोक्यात शुक्रवार होता. शुक्रवारी पनवेलला जाऊन हौसावैनी नऊ गुंठ्यांचं बक्षीसपत्र करणार होती. बाबाच्या ट्रस्टच्या नावाने. वकील ठरला होता, फोटोसुद्धा काढून झाले होते.

कमळाकर एसटी पकडून थेट कमरुद्दीनच्या दुकानात गेला.

"हरलो," तो बाकड्यावर बसत म्हणाला.

"मला तर बाबाने खेळायलाच घेतलं नाही," कमरुद्दीन म्हणाला. "माझ्या मळ्यात दाखव ना चमत्कार, बोललो. तर बोलतो, नाही. लोक बोलले, तू मुसलमान, म्हणून. पण माझा मळा दर मोसमाला खणलेला, आणि वरच्या आळीतल्या इंद्रजीतने वाल पेरायला ट्रॅक्टर फिरवला होता, त्यालाही नाही बोलला. ज्याने आईच्या छातीवर फाळ चालवला, त्याला कृपा नाही म्हणे."

कमळाकरचे कान उभे राहिले. चाळीस वर्षं लोकांना फसवून तो एक गोष्ट शिकला होता. खोडी काढणारा ज्या जागेला नको म्हणतो, त्या जागेवर खोडी चालत नसते. बिबट्याचे ठसे त्याने चिखलातच उठवले होते, कातळावर नाही.

"म्हणजे नांगरलेल्या जमिनीत याचा देव मरतो?"

"जास्मीनला विचारू. आपली पोरगी त्याच लॅबमध्ये आहे."

जास्मीन कमरुद्दीनची पुतणी. जेवणाच्या सुट्टीत ती दुकानात आली, तीच वैतागलेली. "चाचा, लोक माझ्या रिपोर्टला हार घालतात! काल एक बाई माझ्या पाया पडली. मी काय करू?"

"रिपोर्ट खोटा हाय का, एवढं सांग," कमळाकर म्हणाला.

"एक आकडा खोटा नाही. तुम्ही पुडीत जे भरता ते मी मोजते. पण कमळाकरकाका, त्या दोन्ही पुड्या तुम्ही बघितल्यात का? पहिली पिवळट, गुळगुळीत. दुसरी काळी, तिच्यात पेंढ्याचे तुकडे, केसांसारखी मुळं. नऊ दिवसांत मातीला केस फुटतात का? एक खालची आहे, एक वरची. एवढंच."

कमळाकर तिच्याकडे बघत राहिला. सगळं डोळ्यांसमोर झालं होतं. पोट आणि कपाळ! बाबाने माइकवरून, ओरडून, टाळ्या घेत सांगितलं होतं, आणि अडीचशे माणसांतल्या एकालाही ते दिसलं नव्हतं. त्यालाही नाही.

"पण वर इतका आणि खाली इतका कमी, असं का?"

"बारा वर्षं नांगर नाही ना, म्हणून. युरिया पाण्याबरोबर पळतो. स्फुरद पळत नाही, जिथे टाकाल तिथेच मातीला चिकटून बसतो. तुम्ही खत वरून फेकता, पेंढा वरच कुजतो. नांगर असता तर वरची माती खाली गेली असती, मिसळली असती. आता वरचं वरच साठतंय, आणि खालचं होतं ते मुळांनी खाऊन संपवलं. दुधावर जाड साय आणि खाली पाणी, तसं."

"म्हणजे नांगर सोडला तेच चुकलं?"

"अजिबात नाही. माती धुपत नाही, गांडुळं वाढतात, मजुरी वाचते. फक्त खत थोडं खोल पेरायचं, आणि नमुना नीट घ्यायचा. वीतभर खड्डा, वरपासून खालपर्यंत सारखी चकती, ती मिसळून पुडी भरायची. साय वेगळी आणि पाणी वेगळं मोजून चमत्कार नाही होत, काका."

कमळाकर त्याच दुपारी आपल्या शेतात गेला. हौसावैनीच्या बांधाला लागूनच होतं ते, तेही बारा वर्षं न नांगरलेलं, आणि बाबाच्या अंगाऱ्याचा कण तिथे पडला नव्हता. हातभर खणून त्याने एक पुडी भरली. मग स्वतःची तुटक्या अंगठ्याची चप्पल जमिनीवर ठेवली, नऊ मिनिटं मोजली, तिला नमस्कार केला आणि वरची दोन बोटं माती खरवडून दुसरी पुडी भरली.

सात. आणि छत्तीस.

*

"आकडा खोटा हाय का?" हौसावैनीने विचारलं. ती ओटीवर तांदूळ निवडत होती.

"आकडा खरा हाय गो."

"मग?"

कमळाकरने सगळं सांगितलं. साय सांगितली, पाणी सांगितलं, चप्पलसुद्धा सांगितली. ती खडे काढत राहिली.

"तू जन्मभर सगळ्यांना फसवलंस, कमळाकर. आता तुजं खरं मानू?"

कमळाकरने ओटीवर सांडलेला एक दाणा उचलून तिच्या तांदळात टाकला.

"तीन वर्सं भात गुडघ्याच्या वर येत नाय," ती म्हणाली. "पाऊस दोन आठवडे थांबला की जागीच थिजतो. मी काय आंधळी हाय? आनि तुजा दादूस रोज सपनात येतोय. कमरेएवढ्या चिखलात उभा. वर येवाला बघतोय, येता येत नाय. महाराज बोलले, त्याने आईला जन्मभर फाळ लावला, म्हणून अडकलाय. जमीन दिली की सुटेल. नऊ गुंठ्यांत माझा नवरा सुटत असेल, तर मला नऊ गुंठे महाग नाय."

 भामट्याने जमीन हवी म्हणून मेलेल्या माणसाला चिखलात उभा केला होता. खोड्या कमळाकरनेही काढल्या होत्या, पण कोणाच्या मेलेल्याला कधी हात लावला नव्हता.

"वैनी, पैज हरलोय. नांगर पायजे."

तिने पहिल्यांदा मान वर केली. "तुज्या दादूसचा?"

"आळीत दुसरा हाय कुठे?"

तिने तांदूळ बाजूला सारले. मग उठली, माळ्याची शिडी लावली. "बोली केलीस तर फेड. तो पण तसाच होता."

*

गुरुवारी सकाळी गर्दी दुप्पट. महाराजांचा दानसोहळा आणि कमळाकरचा बैलसोहळा, एका तिकिटात दोन खेळ. आदल्या संध्याकाळी कमरुद्दीनने मोटर लावून शेतात पाणी सोडलं होतं, माती मऊ झाली होती. कमळाकर आला तो झेंडूची माळ, कपाळाला गुलाल, गळ्यात घंटा, पाठीवर बायकोच्या जुन्या लुगड्याची झूल. पोरं किंचाळली. म्हातारे डोळे पुसून हसले.

मातीबाबा हसला नाही. नांगर दिसताच तो खुर्चीतून उठला. "हे काय? फाळ? जागृत झालेल्या आईच्या छातीवर? रस्त्यावर फिरवा त्याला!"

"महाराज, बोली शेताची हाय," तुळशीराम हात जोडून म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कमळाकरशी लावलेली पैज तो जिंकला होता, आणि ही मजा तो देवालाही सोडणार नव्हता.

"पाप लागेल!"

"ते बैलाला लागेल, महाराज," कमळाकर म्हणाला. "बैलाला काय, सवय असते."

बाबा हौसावैनीकडे वळला. "माई, सांग यांना. उद्या ही जमीन देवाची होणार."

हौसावैनीने पदर खोचला. "उद्या होईल. आज माजी हाय. नांगर पण माज्या घरचा हाय. ओढू दे त्याला."

जू मानेवर बसलं तेव्हा कमळाकरला कळलं, बैल बिचारे काय काय सोसत होते ते. तिसऱ्या पावलाला तो गुडघ्यावर आला. हशा पिकला. सहाव्या पावलाला मानेची कातडी सोलली. तुळशीराम मागून "हुर्र, चल रं!" करत होता. दहाव्या पावलाला कमळाकर थांबला.

"मालक, बैल दमला. तवर तुमी वाका आनि बघा, काय उघडलंय ते."

तुळशीराम हसत वाकला. नांगराने कापलेली कड उन्हात लखलखत होती. वर दोन बोटांचा काळा थर, पेंढ्याने आणि मुळांनी गच्च भरलेला. त्याखाली एकदम पिवळट, रेघ मारावी तसा बदल. घरातली भिंत अर्धी रंगवून सोडलीय जणू.

"वरची एक चिमूट घे. खालची एक घे. तुज्या हाताने घे, माजा हात लावत नाय."

जास्मीन दोन बाटल्या घेऊन पुढे आली. "यात औषध आहे. स्फुरद असेल तर पाणी निळं होईल. जितका जास्त तितकं गडद."

काळी माती एका बाटलीत, पिवळी दुसरीत. तिने हलवलं, गाळलं, चार थेंब घातले. गर्दी पुढे सरकली. पहिली बाटली शाईसारखी निळी झाली. दुसरी पाण्यासारखीच राहिली.

"एकच शेत," कमळाकर ओरडला. "एकच जागा. महाराजांचा अंगारा दोघींवर. मग खालची आई अजून उपाशी का?"

"कृपा वरून खाली उतरते!" बाबा गरजला. "सव्वा महिना लागतो!"

"आनि माज्या शेतात कोणाची कृपा उतरली?" कमळाकरने झुलीतून कागद काढला. "अंगारा नाय, महाराज नाय. खालची माती सात. वर माजी ही तुटकी चप्पल ठेवली, नऊ मिनिटं. वरची माती छत्तीस!"

लोकांनी माना लांब करून कागद बघितला. मग मागून कोणीतरी अगदी मनापासून विचारलं, "कंची चप्पल रं? डावी का उजवी?"

कमळाकरला वाटलं, नांगर तिथेच टाकावा आणि घरी जावं.

पण हौसावैनी पुढे आली होती. ती नांगराने पाडलेल्या तासाच्या कडेला बसली, खालची पिवळी माती बोटांनी चुरली. "यानेच भात थिजतो?"

जास्मीन तिच्या बाजूला उकिडवी बसली. "हो, मावशी. पाऊस थांबला की वरची माती सुकते. स्फुरद तिथेच अडकलेला, सुक्या मातीतून मुळांना तो घेता येत नाही. ओल शोधत ती खाली जातात, तर खाली काही उरलेलं नाही."

"मंजे तो... तो चिखलात नाय?"

"नाय गो वैनी," कमळाकर म्हणाला. जू मानेवर तसंच होतं. "दादूस कुठेच अडकला नाय. भाताला खाली खायला नव्हतं. दुसरं काय नाय."

 मग कमरेची पिशवी सोडून तिने बक्षीसपत्राचा मसुदा काढला, चार घड्या केल्या आणि तासात टाकून त्यावर पायाने माती ओढली.

मातीबाबा तोवर गाडीत बसला होता. "जिथे अविश्वास तिथे मी थांबत नाही," असं काहीतरी काचेतून म्हणाला. गाडी निघाली तर सात-आठ जण नारळ घेऊन मागे धावले. आपल्या गावात कधी येता, ते विचारायला.

हौसावैनीने वळून बघितलं. "तुळशीराम, तुज्या जमिनीचं काय?"

तुळशीराम नांगराची मूठ धरून उभा होता. हसू केव्हाच गेलं होतं. "सोमवारी," तो म्हणाला. "सोमवारीच सही केली. सगळ्यात पहिला मान माजा, बोलले."

अकरा गुंठे. रस्त्याला लागून. लोक आपापल्या पायांकडे बघू लागले. तुळशीरामची बायको मैना बांधावर होती. ती घराकडे चालायला लागली.

कमरुद्दीन खालच्या आवाजात म्हणाला, "वकील बघू. फसवून घेतलेलं आहे ते."

"काय सांगू वकिलाला?" तुळशीराम म्हणाला. "आकडा तर खरा हाय."

सगळ्यात कडू तेच होतं. या खेळात खोटा आकडा कुठेच नव्हता. लॅब खरी, सही खरी, अंगठा खरा. खोटी होती फक्त एक मूठ, ती जिथून उचलली ती जागा, आणि ती जागा सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी बघितली होती.

"ऐका रे!" कमळाकरने घंटा वाजवली. "मी शिकलेला नाय. पण उद्या दुसरा कोन येईल, मातीचा नाय तर रक्ताचा कागद दाखवेल, पाण्याचा दाखवेल. पाया पडायच्या आधी एवढं विचारा. माती कुठली? किती खोलची? कोणी काढली? दोनदा काढली तर दोन्ही वेळा एकाच जागची का? विचारायला पैसे नाय लागत, आनि जो हे विचारू देत नाय त्याला जमीन सोडा, पानी पण देऊ नका. चप्पल डावी होती! घेऊन जा पायजे तर!"

कोणी हसलं नाही.

"सोड रं, कमळ्या," तुळशीराम मागून म्हणाला. "पैज माफ."

"माफ नाय. सगळ्यांसमोर बोललोय. आकडा वाढला म्हणजे वाढला." कमळाकरने जू नीट सरकवलं. सोललेल्या मानेला ते आगीसारखं लागलं. "बांधापर्यंत जायचंय. धर मूठ."

तो वाकला आणि ओढायला लागला. चार-पाचशे माणसं बघत होती. ना शिटी, ना हुर्रे. नुसती घंटा वाजत होती. काळी माती उलटून खाली जात होती, पिवळी वर येत होती. मागे तास मात्र वाकडा पडत होता. मूठ धरणाऱ्याला समोरचं दिसत नव्हतं. कमळाकरने वळून बघितलं नाही, बांध येईपर्यंत ओढत राहिला.